यादीतले किती, हाकेला ओ देणारे किती?

अडीनडीला पाचशे डॉलर उसने हवे असतील, तर ज्याच्याकडे मोकळेपणाने मागता येतील असं कोणी तुमच्या ऑनलाइन ओळखीत आहे का? आणि प्रत्यक्षातल्या ओळखीत? अमेरिकी संशोधक दिमित्री विल्यम्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत या आशयाची विधानं आहेत. त्यांच्याशी आपण कितपत सहमत आहोत, हे उत्तर देणाऱ्याने पाच पायऱ्यांच्या मापावर सांगायचं असतं. फेसबुकवर आपले किती मित्र आहेत, हे फेसबुक क्षणात दाखवतं. त्यातले वेळेला किती उभे राहतील, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही. ते शोधण्यासाठी समाजशास्त्र, संवादशास्त्र, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्रातले संशोधक गेली वीस वर्षं निरनिराळी मापं घडवत आहेत. सोशल मीडियाने माणसं जोडली की तोडली, यावर आपण तावातावाने वाद घालतो. पण जोडलं जाणं मोजायचं कसं, हा त्याआधीचा प्रश्न आहे, आणि तो सुटल्याशिवाय त्या वादाला पाया मिळत नाही.

भांडवल असतं कुठे?

एल. जे. हॅनिफन हे वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक होते. शेजाऱ्यांमधला सद्भाव, सहानुभूती, एकमेकांकडे जाणं-येणं हीसुद्धा गावाची संपत्ती आहे, असं त्यांनी १९१६ साली लिहिलं आणि तिला सामाजिक भांडवल म्हटलं. पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी या कल्पनेला वेगळी धार दिली. ओळखीपाळखींतून मिळणारं बळ समाजात असमान वाटलेलं असतं आणि वरच्या वर्गातली मुलं ते वारशाने घेऊन येतात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. जेम्स कोलमन यांनी १९८८च्या लेखात डेट्रॉइटहून जेरुसलेमला राहायला गेलेल्या एका आईचं उदाहरण दिलं आहे. मुलांना एकट्याने शाळेत किंवा बागेत पाठवायला तिला तिथे भीती वाटत नव्हती, कारण आसपासची मोठी माणसं कोणाच्याही मुलांवर लक्ष ठेवत. तिच्याजवळचे पैसे वाढले नव्हते, शिक्षणही वाढलं नव्हतं. तिच्या हाताशी आलेलं बळ आजूबाजूच्या माणसांच्या परस्परसंबंधांत होतं.

मोजणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. जमीन मोजता येते, शिक्षणाची वर्षं मोजता येतात. नातं दोघांच्या मध्ये असतं आणि गरज पडेपर्यंत त्याची ताकद दिसत नाही. म्हणून आधीचे संशोधक त्याच्या खुणा मोजत. रॉबर्ट पुटनम यांनी 'बोलिंग अलोन' या २०००च्या पुस्तकात क्लब आणि संघटनांचं सदस्यत्व, सभांना हजेरी, स्वयंसेवा, घरी पाहुण्यांना बोलावण्याचं प्रमाण, अनोळखी माणसांवरचा विश्वास अशा अनेक आकडेवाऱ्या एकत्र आणून अमेरिकेत सामाजिक भांडवल आटत चालल्याचं मांडलं. त्याचे दोन प्रकारही त्यांनी लोकांपर्यंत नेले. 'बाँडिंग' म्हणजे घरची माणसं, जिवलग मित्र, एकसारख्या लोकांचा घट्ट गट. त्यातून आधार मिळतो. 'ब्रिजिंग' म्हणजे वेगळ्या वर्तुळांतल्या लोकांशी असलेल्या सैल ओळखी; त्यांतून नवी माहिती आणि नव्या वाटा मिळतात.

सैल ओळखींचं महत्त्व मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवून दिलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्या माणसाकडून या नोकरीची माहिती कळली, तो तुम्हाला कितीदा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याकडून कळलं, असं सांगणारे १६.७ टक्केच होते. ५५.६ टक्क्यांना ती माहिती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती आणि २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. जवळच्या माणसांना सहसा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. दूरच्या ओळखीतला माणूस दुसऱ्या वर्तुळातल्या खबरी घेऊन येतो. सोशल मीडिया आला, तेव्हा अशा शेकडो दूरच्या ओळखी सांभाळून ठेवणारं साधनच संशोधकांसमोर येऊन उभं राहिलं.

प्रश्न विचारून मोजणं

विल्यम्स यांच्या प्रश्नावलीत घट्ट नात्यांसाठी दहा आणि सैल ओळखींसाठी दहा विधानं आहेत, आणि तीच विधानं ऑनलाइन व प्रत्यक्ष जगासाठी वेगवेगळी विचारली जातात. अडचण सोडवायला विश्वासाने कोणाकडे जाता येईल, आपल्यासाठी कोणी स्वतःचं नाव पणाला लावेल का, या प्रश्नांतून बाँडिंग मोजलं जातं. लोकांशी बोलल्यावर काही नवं करून पाहावंसं वाटतं का, आपण मोठ्या समाजाचा भाग आहोत असं जाणवतं का, हे ब्रिजिंगचे प्रश्न.

या मोजपट्टीचा सर्वांत गाजलेला वापर मिशिगन स्टेट विद्यापीठात झाला. निकोल एलिसन, चार्ल्स स्टाइनफील्ड आणि क्लिफ लॅम्प यांनी २००६च्या एप्रिलमध्ये यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ८०० विद्यार्थ्यांना पाहणीचं निमंत्रण पाठवलं. २८६ जणांनी उत्तरं दिली. फेसबुक तेव्हा सर्वांसाठी खुलं झालेलं नव्हतं. संशोधकांनी फेसबुक वापराची 'तीव्रता' मोजली. रोजची मिनिटं आणि मित्रांची संख्या यांच्याबरोबर, फेसबुक बंद पडलं तर वाईट वाटेल का, ते दिनक्रमाचा भाग झालं आहे का, हेही विचारलं. उसनवारीची रक्कम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली म्हणून शंभर डॉलर केली. शिवाय त्यांनी भांडवलाचा तिसरा प्रकार मांडला: जपून ठेवलेलं भांडवल. गाव सोडून आलेल्या मुलाला शाळेतल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे एखादं लहानसं काम सांगता येईल का? त्याच्या शहरात गेलं तर मुक्काम करता येईल का? शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा प्रश्न खरा असतो, आणि मला तो त्या संशोधनातला सर्वांत जिवंत भाग वाटतो.

फेसबुकच्या वापराचा या तिन्ही प्रकारांशी संबंध आढळला, पण सर्वांत ठळक संबंध ब्रिजिंगशी होता. आत्मसन्मानाची भावना कमी असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये तो आणखी ठळक होता. समोरासमोर बोलायला संकोचणाऱ्या मुलाला सैल ओळख टिकवण्याचा सोपा मार्ग मिळाला असावा, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

पण प्रश्नावलीला मर्यादा आहेत. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. पंधरा देशांतल्या सुमारे पन्नास हजार फेसबुक वापरकर्त्यांची उत्तरं कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी आपण घालवलेला वेळ वाढवून सांगितला होता आणि किती वेळा ॲप उघडलं, तो आकडा कमी करून. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. आपल्याला आधार आहे असं वाटणं आणि तो खरोखर असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कीथ हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विल्यम्स यांची मोजपट्टी जुन्या, ठोस मापांशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींमधला संबंध क्षीण निघाला.

ती जुनी मापं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं नावांचं: गेल्या काही महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी कोणाशी बोललात, त्यांची नावं सांगा, ही माणसं एकमेकांना ओळखतात का, तेही सांगा. दुसरं पदांचं: नान लिन आणि मेरी ड्युमिन यांनी १९८६ साली वापरलेल्या या पद्धतीत व्यवसायांची यादी पुढे ठेवतात. वकील, डॉक्टर, शिक्षक, वाहनचालक, कारखान्यातला कामगार यांपैकी कोणाकोणाला तुम्ही ओळखता? यादीतली वरची आणि खालची टोकं जितकी लांब, तितकी तुमची पोच मोठी. तिसरं उपयोगाचं: मार्टिन फान डर गाख आणि टॉम स्नायडर्स यांनी नेदरलँड्समध्ये घडवलेल्या या मापात सायकल दुरुस्त करून देणारा, कराचे कागद समजावणारा, नोकरीसाठी शिफारस करणारा कोणी ओळखीत आहे का, असं विचारतात. या प्रश्नांत वाटण्याला जागा कमी असते. ओळखीत वकील असतो किंवा नसतो.

पाऊलखुणा वाचणं

सोशल मीडियाने संशोधकांना आणखी एक वाट दिली. इथे प्रत्येक संदेश, प्रत्येक लाइक, प्रत्येक फोटोची नोंद राहते. एरिक गिल्बर्ट आणि कॅरी करहालिओस यांनी २००९ साली ३५ जणांकडून त्यांच्या दोन हजारांहून अधिक फेसबुक मैत्र्यांची मापं घेतली: हा माणूस किती जवळचा आहे, याच्याकडे उसने पैसे मागणं कितपत सोपं जाईल. मग शेवटचा संवाद होऊन किती दिवस झाले, शब्दांत किती जिव्हाळा आहे, सामाईक मित्र किती, अशा सत्तरहून अधिक गोष्टींवरून नातं ओळखणारं प्रारूप बनवलं. घट्ट आणि सैल नात्यांतला फरक त्याने ८५ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगितला.

मोइरा बर्क, कॅमेरॉन मार्लो आणि थॉमस लेंटो यांनी २०१० साली दोन्ही पद्धती जुळवल्या. १,१९३ वापरकर्त्यांची उत्तरं आणि त्यांच्या फेसबुक वापराच्या नोंदी त्यांनी एकत्र पाहिल्या. थेट कोणाशी तरी केलेला संवाद, म्हणजे संदेश, प्रतिक्रिया, लाइक, याचा संबंध घट्ट नात्यांशी आणि कमी एकटेपणाशी होता. नुसतं इतरांचं वाचत, पाहत बसणाऱ्यांमध्ये ब्रिजिंग कमी आणि एकटेपणा जास्त दिसला. या एका निष्कर्षाने संशोधनाचा प्रश्नच बदलला. 'फेसबुक किती वेळ वापरता' याऐवजी 'फेसबुकवर काय करता' असं विचारलं जाऊ लागलं.

मित्रयादीचा आकार आणि नात्यांची खोली यांतलं अंतर रॉबिन डनबार यांनी २०१६ साली ब्रिटनमधल्या पाहणीतून दाखवलं. यादीत सरासरी दीडशेहून अधिक नावं असली, तरी भावनिक संकटात ज्यांच्याकडे धाव घ्यावी असे सरासरी चारच्या आसपास होते. फेसबुक येण्याआधीही अशा माणसांची संख्या साधारण एवढीच मोजली जात होती.

आधी काय, नंतर काय?

ज्यांची माणसं मुळात जास्त, तेच फेसबुक जास्त वापरत असतील तर? एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. स्टाइनफील्ड, एलिसन आणि लॅम्प यांनी मिशिगन स्टेटमधल्याच विद्यार्थ्यांना वर्षाच्या अंतराने पुन्हा विचारलं. पहिल्या वर्षीच्या फेसबुक वापरावरून दुसऱ्या वर्षीचं ब्रिजिंग भांडवल जास्त चांगलं सांगता आलं. उलट दिशेचा संबंध त्या मानाने कमजोर होता.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र प्रयोगातून मिळतो. लिंक्डइनवर 'या व्यक्तींना तुम्ही ओळखत असाल' अशा सूचना येतात. कंपनीने पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक लोकांना यादृच्छिकपणे वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना दाखवल्या: काहींना जवळच्या वर्तुळातल्या माणसांच्या, काहींना दूरच्या. त्यातून दोन अब्ज नव्या ओळखी आणि सहा लाख नव्या नोकऱ्यांची नोंद मिळाली. कार्तिक राजकुमार, सिनान अराल आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याचं विश्लेषण मांडलं. ग्रॅनोव्हेटर यांचं म्हणणं सुमारे पन्नास वर्षांनी प्रयोगाने पारखलं गेलं, आणि त्यात एक दुरुस्तीही झाली. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी, म्हणजे दहाएक सामाईक ओळखीची माणसं असलेल्या. अगदी परक्या ओळखी आणि अगदी घट्ट नाती या दोन्हींचा उपयोग कमी झाला. या अभ्यासाने नैतिक प्रश्नही उभा केला. ज्यांच्या नोकरीच्या संधींवर परिणाम होऊ शकत होता, त्या लोकांना आपण प्रयोगात आहोत याची कल्पना नव्हती.

गरिबाच्या यादीत कोण आहे?

आजवरच्या सर्वांत मोठ्या मोजमापांपैकी एक २०२२च्या ऑगस्टमध्ये 'नेचर'मध्ये आलं. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी, मॅथ्यू जॅक्सन, तेरेसा कुक्लर, योहानेस श्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २५ ते ४४ वयाच्या ७ कोटी २२ लाख फेसबुक वापरकर्त्यांच्या २१ अब्ज मैत्र्यांचा अभ्यास केला. ओळख पटेल अशी माहिती काढून टाकली होती, आणि प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत कोणा एकाचा माग लागू नये म्हणून थोडी यादृच्छिक भेसळ मुद्दाम केली होती.

त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. गरीब माणसाच्या मित्रांमध्ये सुस्थितीतले किती? एखाद्याचे मित्र आपसांतही मित्र आहेत का? स्वयंसेवी गटांत किती लोक आहेत? आर्थिक स्थितीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या लोकांच्या मित्रांत वरच्या अर्ध्यातले सरासरी ३८.८ टक्के होते. वरच्या अर्ध्यातल्या लोकांसाठी हाच आकडा ७०.६ टक्के होता. गरीब घरातलं मूल मोठेपणी किती वर चढेल, याच्याशी या तिन्हींपैकी पहिल्याच मापाचा ठाम संबंध निघाला. सुस्थितीतल्या मुलांना असतात तितक्या वरच्या थरातल्या ओळखी गरीब मुलांना लहानपणी मिळाल्या, तर मोठेपणी त्यांचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल, असा अंदाज त्यांनी मांडला. गटांचा घट्टपणा किंवा स्वयंसेवा यांच्याशी तसा संबंध दिसला नाही.

दुसऱ्या लेखात त्यांनी विचारलं, की या ओळखी होत का नाहीत? निम्मं कारण असं, की गरीब आणि श्रीमंत एकाच शाळेत, एकाच वस्तीत नसतातच. उरलेलं निम्मं कारण, एकत्र असूनही मैत्री होत नाही. म्हणजे मुलांना एका वर्गात बसवणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. लहान शाळांमध्ये आणि प्रार्थनास्थळांच्या गटांमध्ये हा दुरावा कमी आढळला. फेसबुक इथे निव्वळ मोजण्याचं साधन आहे: मैत्र्या शाळेत, महाविद्यालयात, शेजारात जडल्या आणि त्यांच्या खुणा फेसबुकवर उमटल्या.

आपल्याकडे काय मोजायला हवं?

ही बहुतेक मापं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर आणि वापरकर्त्यांवर घडली आहेत. ती जशीच्या तशी उचलली, तर आपल्याकडची महत्त्वाची गोष्ट निसटते. भारतीय मानवी विकास सर्वेक्षणाने ती ओळखली. मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था यांनी केलेल्या या पाहणीत कुटुंबांना विचारलं गेलं, की तुमच्या ओळखीत डॉक्टर, शिक्षक, सरकारी कर्मचारी आहेत का. आणि २०११-१२च्या फेरीत पुढचा प्रश्न होता, ते आपल्या जातीसमाजातले की बाहेरचे? 'बाहेरचे' या एका शब्दाने ओळखींची यादी समाजरचनेचा नकाशा होते.

घट्ट गट नेहमी हिताचाच असतो असं नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादर परिसरातल्या शाळांमध्ये शिकलेल्या मुलामुलींच्या मराठी कुटुंबांची पाहणी केली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या जातींची कष्टकरी कामांतली साखळी मजबूत होती, त्या जातींतले मुलगे मराठी माध्यमाकडे आणि त्याच जुन्या कामांकडे वळत राहिले, कारण नातेवाईक आणि जातबांधव तिथे नोकरी मिळवून देत. मुलींना त्या साखळीत जागाच नव्हती. म्हणून इंग्रजी शिक्षणाची आणि नव्या अर्थव्यवस्थेची वाट त्यांनी मुलग्यांपेक्षा लवकर धरली. आधार देणाऱ्या नात्यांनीच मुलग्यांची पुढची वाट अडवली.

उलट बाजू भिवंडीने दाखवली. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, ज्यांत हिंदू आणि मुसलमान नियमितपणे एकत्र बसत. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या पुस्तकात भारतीय शहरांची तुलना करून सांगितलं, की एकाच धर्माच्या संघटना कितीही असल्या तरी त्या दंगल थोपवत नाहीत. दोन्ही धर्मांच्या लोकांना एकत्र आणणाऱ्या संघटना थोपवतात.

आपल्या व्हॉट्सॲप गटांना हीच कसोटी लावायला हवी. गट किती आहेत, संदेश किती येतात, याने फारसं काही कळत नाही. गटात वेगळ्या जातीची, धर्माची, उत्पन्नाची माणसं आहेत का, आणि ती एकमेकांशी बोलतात का, हे मोजायला हवं. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६पासून पूर्णपणे कूटबद्ध असतात, त्यामुळे तिथे संशोधकाला पाऊलखुणा सहजी मिळत नाहीत. लोकांच्या संमतीने, घरोघरी जाऊन, नीट घडवलेले प्रश्न विचारण्याला तिथे पर्याय नाही. त्या प्रश्नांत फोन कोणाचा, हेही असायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच होत्या. घरातल्या सामाईक फोनवरच्या ओळखी नेमक्या कोणाच्या भांडवलात धरायच्या, हा प्रश्न मिशिगनच्या वसतिगृहात कोणाला पडला नव्हता.

पडद्यावरच्या ओळखींचं बळ आपण पाहिलेलं आहे. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, ऑक्सिजन आणि खाटांसाठीच्या हाका अनोळखी माणसांनी एकमेकांकडे पोचवल्या आणि कित्येकांना त्यातून मदत मिळाली. पण ज्यांचा कोणी ट्विटरवर नव्हता, इंग्रजीत दोन ओळी लिहून देणारं कोणी नव्हतं, त्यांची हाक तिथे उमटलीच नाही. चांगलं मोजमाप दोन्ही सांगतं: मदत कुठून कुठे पोचली, आणि कुठे पोचली नाही.

ही मोजणी खुली असणं म्हणूनच गरजेचं आहे. चेट्टी यांचा अभ्यास फेसबुकची मालक कंपनी मेटाने माहिती दिली म्हणून झाला. फेसबुक वापरकर्त्यांच्या माहितीच्या गैरवापराचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ साली उघड झाल्यावर फेसबुकने बाहेरच्यांसाठी माहितीचे मार्ग आवळले. २०२३ साली ट्विटरने संशोधकांना आपल्या माहितीपर्यंत मिळणारा विनामूल्य प्रवेश बंद केला. समाजाच्या नात्यांचा सर्वांत मोठा दस्तऐवज आज मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे, आणि कोणता प्रश्न विचारला जाईल हेही बऱ्याच अंशी त्याच ठरवतात. माणसांची खासगी माहिती सुरक्षित ठेवूनही विद्यापीठांना त्या दस्तऐवजापर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि भारतीय विद्यापीठांनी आपले प्रश्न आपल्या भाषांत, आपल्या समाजरचनेकडे पाहून घडवले पाहिजेत.

तोवर प्रत्येकाला स्वतःपुरते तीन प्रश्न विचारता येतात, आणि ते संशोधकांच्याच मापांतून आले आहेत. संकटात मी ज्यांना हाक मारीन ते कोण? माझ्या ओळखीत माझ्यापेक्षा वेगळ्या जातीचं, धर्माचं, उत्पन्नाचं कोण आहे? आणि असं कोण आहे, ज्याच्या यादीत मी पोचलो तर त्याच्यासाठी एखादं दार उघडेल? तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. चेट्टी यांच्या अभ्यासाने दाखवलं, की गरीब मुलाचं वर चढणं ज्याच्याशी सर्वांत घट्ट बांधलेलं आहे, ते हेच नातं. आणि ते जोडण्याची मोठी जबाबदारी, माझ्या मते, सुस्थितीतल्या माणसावर आहे.